धूर, अग्नी आणि दुपारचे व्होल्टेज : मीटरच्या नोंदींवरून वीजजाळे कसे ओळखावे

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाची चर्चा केली. डोंगरावर धूर दिसतो, अग्नी दिसत नाही, तरी तिथे अग्नी आहे असे आपण ठामपणे म्हणतो; ते कशाच्या बळावर, हा प्रश्न होता. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारले, ‘सर, हे सगळं ठीक आहे, पण आज याचा उपयोग काय?’ प्रश्न रास्त होता. म्हणून आज एक अगदी आजचे उदाहरण घेऊ. ते आपल्या गल्लीतल्या विजेच्या तारांचे आहे.

सुरुवात एका घटनेने करू. आमच्या गल्लीच्या शेवटच्या खांबावरून तीन घरांना वीज जाते. तिन्ही छपरांवर सोलर पॅनेल आहेत, प्रत्येकी तीन किलोवॉटचे. त्यातले एक छप्पर आमचे. सर्वांत शेवटी ज्यांनी पॅनेल बसवले त्यांचे घर खांबापासून जरा लांब आहे. उन्हाळा लागला आणि त्यांच्याकडे विचित्र प्रकार सुरू झाला. सकाळी दहापर्यंत इन्व्हर्टर व्यवस्थित चाले आणि ऐन दुपारी, ऊन सर्वांत कडक असताना, बंद पडे. थोड्या वेळाने आपोआप सुरू होई, पुन्हा बंद पडे. ज्याने यंत्र बसवले तो म्हणाला, यंत्रात दोष नाही. वीज पुरवणाऱ्यांकडून सांगण्यात आले, लाइनमध्ये दोष नाही. दोघेही खरेच बोलत होते, हे पुढे कळेल. पण त्या कुटुंबाच्या पदरात काय पडले? कर्जाचा हप्ता, आणि दुपारी बंद असलेला इन्व्हर्टर.

दोष कोणाचा, हे विचारण्याआधी तारांत काय चालले आहे हे कळायला हवे. अडचण तिथेच आहे, कारण ते कोणालाच दिसत नाही. दिसतात फक्त मीटरवरचे आकडे. म्हणजे आपल्या भाषेत, धूर दिसतो आहे आणि अग्नी शोधायचा आहे.

एका दिशेचा रस्ता

आधी थोडी रचना समजून घेऊ. उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टची लाइन आपल्या भागात येते. मग ते रोहित्र लागते, ज्याला गावाकडे सगळे ‘डीपी’ म्हणतात. ते ११ हजारांचे ४३३ व्होल्ट करते. हे ४३३ दोन फेजमधले. एक फेज आणि न्यूट्रल यांमध्ये मोजले तर होतात २५०. आता बघा, घरात लागतात २३० किंवा २४० व्होल्ट. दोन्ही आकडे आपल्याकडे वापरात आहेत. आज हिशेबासाठी २४० धरू. मग डीपीपाशी दहा व्होल्ट जास्त कशासाठी?

याचे उत्तर कोणतीही गृहिणी देईल. पाण्याची टाकी उंचावर बांधतात ती शेवटच्या घराच्या नळाला धार यावी म्हणून. वीज तारेतून जाताना वाटेत थोडे व्होल्टेज गळते. जितके अंतर जास्त, तितकी गळती जास्त. म्हणून सुरुवातच थोडी वर करायची, म्हणजे टोकाला पुरेसे उरते. २४० च्या वर किंवा खाली सहा टक्के, म्हणजे साधारण २२५ ते २५४ व्होल्ट, ही मर्यादा आपल्याकडे १९५६ च्या विद्युत नियमांपासून चालत आली आहे.

या सगळ्या व्यवस्थेत एक गृहीतक दडलेले आहे. वीज डीपीकडून घराकडे जाते, उलट कधीच नाही. हे गृहीतक इतके स्वाभाविक होते की ते गृहीतक आहे हेच कोणाच्या लक्षात आले नाही. तत्त्वज्ञानात अशी गृहीतके फार धोक्याची, कारण ती चुकली तरी आपण शोधायला भलतीकडे जातो.

छपरावर पॅनेल आले आणि दुपारी वीज घराकडून डीपीकडे जाऊ लागली. वीज वाहते जास्त व्होल्टेजकडून कमी व्होल्टेजकडे. तेव्हा घराला वीज बाहेर ढकलायची असेल तर त्याचे व्होल्टेज डीपीपेक्षा वर जावे लागते. टोकाच्या घराला सर्वांत जास्त वर. कालपर्यंत ज्याच्याकडे व्होल्टेज सर्वांत कमी, त्याच्याचकडे आज दुपारी ते सर्वांत जास्त.

थोडे गणित करू, घाबरू नका. तारांना प्राण्यांची नावे आहेत, हे तुम्हाला ठाऊक नसेल. स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. प्राणी जितका मोठा तितकी तार जाड. आपली तार वीझल समजा. तिचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम. डीपीपासून शेवटचा खांब ३०० मीटर, म्हणजे फेजच्या तारेचा रोध ०.२७ ओहम. न्यूट्रलची तारही तेवढीच धरा. जाऊन येऊन ०.५४. तीन किलोवॉट २४० व्होल्टला म्हणजे साडेबारा अँपिअर. गुणाकार केला की येतात पावणेसात व्होल्ट. एका घराने दुपारी पूर्ण वीज बाहेर सोडली तर शेवटच्या खांबावर व्होल्टेज पावणेसातने चढते.

दुपारी डीपीपाशी २४५ आहेत असे समजू. एका घराने होतात जवळपास २५२. ठीक आहे. दुसरे घर त्याच फेजवर असेल तर साडेअठ्ठावन्न. सहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली. तिसरेही त्याच फेजवर असेल तर २६५. आणि छोट्या निर्मितिसंचांसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे जे तांत्रिक निकष आहेत त्यांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर, म्हणजे २६४ च्या वर गेले की संचाने दोन सेकंदांच्या आत स्वतःला लाइनपासून तोडून घ्यायचे असते.

आता कोडे सुटायला लागले. ज्यांची सर्व्हिस वायर सर्वांत लांब, त्यांच्याकडे आणखी थोडी भर पडते, म्हणून त्यांचा इन्व्हर्टर आधी बंद पडतो. तो बंद पडला की व्होल्टेज पावणेसातने उतरते आणि उरलेल्या दोघांचे सुरळीत चालते. काही मिनिटांनी तो पुन्हा जोडला जातो आणि पुन्हा पडतो. यंत्र निर्दोष, तारही शाबूत. आणि त्यांच्या दुपारच्या तोट्यात आमच्या दुपारच्या फायद्याचा वाटा. ही गोष्ट आम्हाला कागदावर गणित मांडेपर्यंत सुचली नव्हती.

नकाशा कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटला की. नाही. वरच्या गणितात आम्ही चार गोष्टी गृहीत धरल्या : तार कोणती, अंतर किती, कोणते घर कोणत्या फेजवर, आणि कोण किती वीज बाहेर सोडते. ११ हजारांच्या लाइनचे नकाशे असतात. डीपीच्या पुढच्या तारांची माहिती मात्र पुष्कळदा अपुरी किंवा शिळी असते. वादळात तार तुटते, हाताशी असेल ती जोडली जाते. एका फेजवर भार वाढला की वायरमन चार घरे दुसऱ्या फेजवर टाकतो. काम होते, पण नोंद राहते.

पूर्वी हे चालून जाई, कारण अंदाज ढोबळ असला तरी मोकळी जागा भरपूर होती. आता ती उरली नाही. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिचे उद्दिष्ट १ कोटी घरांचे आहे. अनुदान तीन किलोवॉटपर्यंत वाढत जाते आणि ७८ हजार रुपयांवर थांबते. म्हणजे आमच्या शेवटच्या खांबासारखे खांब गावोगावी तयार होणार.

दुसऱ्या बाजूने स्मार्ट मीटर येत आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी मीटरचे लक्ष्य ठेवले गेले. असा मीटर दर पाव किंवा अर्ध्या तासाला किती वीज आत आली, किती बाहेर गेली आणि सरासरी व्होल्टेज किती होते, हे लिहून ठेवतो. पाव तासाची नोंद म्हणजे दिवसाला ९६ आणि महिन्याला २,८८० ओळी. प्रत्येक घराच्या. तेव्हा विचार असा पुढे आला : प्रत्येक खांबावर माणूस चढवून नकाशा काढण्यापेक्षा या नोंदींवरूनच तारांचे गणिती चित्र तयार करता येईल का? येते. पण वाटेत तीन खड्डे आहेत, आणि तिन्ही आपल्या नैयायिकांना ठाऊक असलेले आहेत.

पहिला खड्डा : शून्य दोन प्रकारचे असते

नेट मीटर काय बघतो? घराची निर्मिती आणि घराचा वापर यांतला फरक. मीटर शून्य दाखवतो तेव्हा दोन शक्यता असतात. घर बंद आहे आणि आकाश भरलेले आहे. किंवा पॅनेल तीन किलोवॉट देत आहेत आणि घरातली यंत्रे तेवढेच खात आहेत. मीटरला दोन्ही सारखीच. पण ढग आला तर? पहिल्या घरात काहीच बदलणार नाही. दुसऱ्या घराचे तीन किलोवॉट अचानक डीपीवर येऊन पडतील. शंभर घरांत असे झाले तर सकाळपासून न दिसलेला भार काही मिनिटांत उभा राहील. अभियंते त्याला लपलेला भार म्हणतात.

तो उघडा कसा करायचा? सूर्य सगळ्या गल्लीला एकच आहे. गल्लीत एखाद्या छपरावर निर्मितीचा मीटर वेगळा असेल आणि त्याच्या नोंदी पाव-पाव तासाच्या मिळत असतील, तर दिवसभराचा चढउतार त्याच्यावरून कळतो. शेजाऱ्याचे पॅनेल त्याच्या दीडपट असतील तर निर्मितीही साधारण दीडपट. दिशा वेगळी असेल तर शिखर थोडे आधी किंवा नंतर. हे प्रमाण किती, ते त्या घराच्या नोंदींतूनच ठरवता येते : ढग येऊन गेला तेव्हा नेट मीटरचा आकडा किती उडाला ते पाहायचे, आणि असे शेकडो ढग एकत्र घ्यायचे. निर्मितीची महिन्याची बेरीज माहीत असेल तर काम आणखी सोपे.

पण हे बरोबर आले कशावरून? ताडून बघायला खरे उत्तर ज्याचे माहीत आहे असे उदाहरण हवे. योगायोगाने ऑस्ट्रेलियात ते मिळाले. न्यू साउथ वेल्स राज्याने २०१० पासून काही काळ छतावर तयार होणाऱ्या संपूर्ण विजेला दर दिला, केवळ उरलेल्या विजेला नव्हे. त्यामुळे निर्मिती वेगळ्या मीटरवर मोजली गेली. तिथल्या ऑसग्रिड या वितरण कंपनीने ३०० घरांच्या जुलै २०१० ते जून २०१३ या तीन वर्षांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी खुल्या केल्या. अभ्यासकाला त्यातला निर्मितीचा रकाना झाकून ठेवता येतो, फक्त फरक घेऊन आपली रीत वापरता येते आणि मग रकाना उघडून बघता येते. परीक्षेत उत्तराचे पान शेवटी उघडावे तसे.

दुसरा खड्डा : उपाधी

आता मुख्य गोष्ट. तारेचा रोध नोंदींवरून काढायचा आहे. रीत सोपी दिसते. घराने वीज बाहेर सोडली की व्होल्टेज किती चढले ते बघा, भागाकार करा. आमच्या शेजाऱ्यांच्या घरी हे करून बघू. सकाळी शून्य, दुपारी तीन किलोवॉट. व्होल्टेज २४५ वरून २६५. म्हणजे एका किलोवॉटला सुमारे पावणेसात व्होल्ट. पण आपल्याला माहीत आहे की खरे उत्तर एका किलोवॉटला सव्वादोन आहे. तिप्पट चूक झाली! या चुकीवर विसंबून कोणी म्हणेल, तार फारच बारीक आहे, बदलून टाका. खर्च होईल आणि मूळ कारण जागच्या जागी राहील.

चूक कुठे झाली? मागच्या वेळचे उदाहरण आठवा. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण उलटे, जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत दोन्ही एकत्र का दिसतात? कारण सरपण ओले असते. ते ओलेपण ही तिसरी गोष्ट. आपल्याला वाटते दोघांचा थेट संबंध आहे, प्रत्यक्षात तो या तिसऱ्यावर अवलंबून असतो. तिला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात.

इथे उपाधी कोण? शेजारची दोन छपरे. आमचे पॅनेल आणि त्यांचे पॅनेल एकाच वेळी जागे होतात, एकाच ढगाने मंदावतात. म्हणून त्यांच्या नोंदींत आमच्यामुळे झालेली चढ त्यांच्याच नावावर जमा होते. आणखी एक उपाधी ११ हजारांच्या लाइनवर आहे. ती वरखाली झाली की खालची सगळी घरे एकदम वरखाली होतात.

यावर लोक म्हणतात, नोंदी वाढवा. २,८८० पुरत नसतील तर वर्षभराच्या घ्या. इथे जरा थांबा. हजार साक्षीदार आले आणि सगळ्यांनी एकाच माणसाकडून ऐकलेली गोष्ट सांगितली, तर साक्ष किती झाल्या? एकच. तीन छपरे एकाच सूर्याने चालत असतील तर दुपारच्या लाखभर ओळीही तिघांना वेगळे करू शकणार नाहीत. विदा कितीही वाढला तरी भेद वाढत नसेल तर ज्ञान वाढत नाही.

मग भेद कुठे सापडेल? गीझरमध्ये. हसू नका. पहाटे सूर्य नसतो. आमच्याकडे गीझर साडेपाचला लागतो, शेजाऱ्यांकडे सातला, तिसऱ्या घरात मुलाची शाळा सकाळची म्हणून सहाला. तीन किलोवॉटचा गीझर लागला की त्या घराचे व्होल्टेज पावणेसातने खाली जाते, आणि त्या वेळी बाकीचे दोघे गप्प असतात. सूर्य सगळ्यांना एकदम येतो, गीझर ज्याचा त्याचा. जिथे एक आहे तिथे दुसरे आहे, आणि एक नाही तिथे दुसरेही नाही, अशी दोन्ही बाजूंनी तपासणी, म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक, पहाटेच्या नोंदींत आपसूक होते. गणिताच्या भाषेत, तिन्ही घरांचे आकडे एकाच समीकरणात मांडायचे, डीपीच्या मीटरवरचे व्होल्टेज वजा करून वरच्या लाइनचा परिणाम काढून टाकायचा, आणि प्रत्येक घराचा स्वतंत्र वाटा सोडवायचा. डीपीला मीटर नसेल तर डीपीला सर्वांत जवळचे घर तात्पुरते त्याच्या जागी घ्यायचे.

इथे कोणी हुशार श्रोता विचारेल : गीझर तर पाचच मिनिटे चालतो, मीटर पाव तासाची सरासरी घेतो, मग? चालते. पाच मिनिटांचे तीन किलोवॉट म्हणजे पाव तासाला सरासरी एक किलोवॉट. व्होल्टेजची घटही सरासरीत सव्वादोन. दोन्ही सारख्याच प्रमाणात पातळ झाले, म्हणून भागाकार तोच. पण शिखर शोधताना हीच सरासरी फसवते. इन्व्हर्टर दोन सेकंदांत निर्णय घेतो, मीटर ९०० सेकंदांची सरासरी सांगतो. कागदावर २५८ दिसतात आणि त्या पाव तासात २६५ दोनदा होऊन गेलेले असतात. लाइनमध्ये दोष नाही, असे उत्तर प्रामाणिकपणे येते ते यामुळेही.

फेज ओळखण्याची युक्तीही पहाटेचीच. आमच्या गीझरने आमचे व्होल्टेज उतरले. त्याच खांबावरच्या शेजाऱ्यांचेही जवळपास तेवढेच उतरले, तर ते आमच्याच फेजवर. उतरले नाही, उलट किंचित, दीड-पावणेदोन व्होल्ट चढले, तर ते दुसऱ्या फेजवर. न्यूट्रल सामाईक असल्यामुळे असे होते. शेकडो पहाटा एकत्र घेतल्या की घरांचे तीन गट आपोआप वेगळे पडतात.

तिसरा खड्डा : नसणे आणि न दिसणे

नोंदींत गाळलेल्या जागा असतात. मीटरचा संपर्क तुटतो, काही तासांच्या ओळी येत नाहीत. काही ठिकाणी तिथे शून्य भरले जाते. आता हे शून्य आणि खरे शून्य यांत फरक कोण करणार? अभाव कसा कळतो, यावर आपल्याकडे मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी सूक्ष्म विचार केला आहे. टेबलावर घागर दिसत नाही, म्हणून ती नाही असे म्हणता येते, पण केव्हा? उजेड असेल, डोळे उघडे असतील, घागर असती तर दिसलीच असती अशी स्थिती असेल, तेव्हाच. अंधारात न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. मीटर जागा होता का, हे आधी विचारायचे. मग त्याच्या शून्याचा अर्थ लावायचा. मीटरचे घड्याळही तपासायचे. एका मीटरचे घड्याळ पाव तास मागे असेल तर सख्खे शेजारी परके ठरतील.

आणि एक प्रमाण राहिले : शब्द. विश्वासू जाणकाराचे सांगणे. संगणकाने गट पाडले तरी त्या भागाच्या वायरमनला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आमच्या बाबतीत स्मार्ट मीटरच्या नोंदी हाती नव्हत्या. आम्ही तीन घरांनी आठवडाभर वही ठेवली. पहाटे आणि दुपारी मीटरवरचे व्होल्टेज आणि वेळ लिहिली. तिन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा एकाचा गीझर तिघांच्या वहीत दिसत होता. वायरमनला दाखवले. तो म्हणाला, ‘सर, बरोबर आहे. ही तिन्ही घरं मीच एका फेजवर घेतली होती. तेव्हा सोलर नव्हतं, आणि रात्री दुसऱ्या दोन्ही फेजना लोड झेपत नव्हता.’ त्याने केलेले काम त्या काळी योग्यच होते. दिशा बदलली, आणि ते अयोग्य ठरले.

मग पुढे काय?

आता गणित पुन्हा करू. तीन घरे तीन वेगवेगळ्या फेजवर टाकली तर? तिघांचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडून काढतात. प्रत्येकाला फक्त स्वतःच्या फेजच्या तारेचे ०.२७ ओहम लागतात. साडेबारा गुणिले ०.२७, म्हणजे साधारण साडेतीन व्होल्ट. वीस व्होल्टची चढ साडेतीनवर आली! नवी तार, नवे रोहित्र, काही नाही. रात्रीचा भार पुन्हा कोणत्या फेजवर जड होतो ते मात्र बघायला हवे. नाहीतर दुपारचा प्रश्न रात्रीवर ढकलल्यासारखे होईल. आमच्या खांबावर दोन घरांचे फेज बदलले गेले, आणि शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर आता दुपारी चालतो.

हे एवढे तपशिलात का सांगितले? कारण मोठा निर्णय याच्यावर उभा आहे. महाराष्ट्रात छतावरच्या सौरऊर्जेसाठी २०१५ चे नियम आले तेव्हा एका रोहित्रावर त्याच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत जोडणी द्यावी अशी मर्यादा होती. २०१९ च्या नियमांत ती ७० टक्के झाली. १०० केव्हीएच्या डीपीवर आमची तीन घरे मिळून जेमतेम नऊ टक्के होतात, तरी एक इन्व्हर्टर बंद पडत होता. उलट डीपीच्या पायथ्याशी असलेल्या घरांनी भरपूर वीज सोडली तरी त्यांच्या तारांना काही होणार नाही. बेरजेच्या नियमाला अंतर कळत नाही आणि फेज कळत नाही. नियम वाईट आहे असे नव्हे. माहिती नसताना बेरजेशिवाय दुसरे काय हाती असते? पण माहिती मिळू लागल्यावरही केवळ बेरजेने कोणाला ‘जागा संपली’ म्हणणे अन्यायाचे होईल. असे नाकारले जाते ते बहुधा उशिरा येणाऱ्याला, म्हणजे ज्याच्याकडे पैसा उशिरा जमला त्याला.

२०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. दहा किलोवॉटपर्यंतच्या छतावरच्या संचाला आधी तांत्रिक व्यवहार्यतेची पाहणी लागणार नाही, आणि पाच किलोवॉटपर्यंत लाइन मजबूत करायची झाल्यास तो खर्च वितरण कंपनीने करायचा. ग्राहकासाठी हे चांगलेच आहे. पण घराघरागणिक पाहणी होणार नसेल, तर तारांचे चित्र आधीपासून तयार आणि ताजे हवे. नाहीतर पाहणी होईल ती इन्व्हर्टर बंद पडल्यावर.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगून थांबतो. एक, असे चित्र म्हणजे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. एप्रिलच्या नोंदींवर बेतलेले चित्र जुलैत ताडून बघायचे. वायरमनने एक जोड बदलला की ते शिळे झाले असे समजायचे. ‘सव्वादोन व्होल्ट’ असे एकच उत्तर देण्यापेक्षा ‘दोन ते अडीच’ असे सांगणारे चित्र जास्त प्रामाणिक. दोन, ज्या गीझरने तारेचा रोध सांगितला, तोच गीझर आम्ही किती वाजता उठतो आणि घर कधी रिकामे असते हेही सांगतो. तारेसाठी घेतलेली माहिती तारेपुरतीच वापरली जावी, गरज संपली की घराचे नाव त्यातून पुसले जावे, हा आग्रह ग्राहकांनीच धरायला हवा. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायद्याच्या आधी जाणीव लागते.

पुढच्या वेळेपर्यंत एक छोटा अभ्यास करा. पुष्कळ डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीने सरकत असतात, त्यांत व्होल्टेजही येते. एक दिवस दुपारी एक वाजता आणि रात्री आठ वाजता तो आकडा लिहून ठेवा. शेजाऱ्यांनाही लिहायला सांगा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. आपल्या भिंतीपलीकडे काय चालले आहे, ते त्या दोन आकड्यांच्या फरकातून थोडेफार दिसू लागेल.